शटॉक्वाची हमी कुणी द्यायची? आयोवातल्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पश्चिम भागातलं अकराशे वस्तीचं गाव. रेल्वेचा फाटा, स्टेशनाला लागून धान्याचं एलेव्हेटर (उंच कोठार), दोन बँका, एक लाकडाची वखार, एक क्रीमरी (लोण्याचा कारखाना) आणि चार चर्च. हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर एक हॉल होता. त्याला सगळे ‘ऑपेरा हाऊस’ म्हणत. तिथे शाळेचे कार्यक्रम, फिरती नाटकं आणि लॉजच्या (बंधुसंघांच्या) सभा होत. काळ १९२० ते १९२६. प्रश्न होता शटॉक्वाचा, म्हणजे उन्हाळ्यात तंबूत भरणाऱ्या व्याख्यान-करमणुकीच्या फिरत्या कार्यक्रमाचा. गावाला इथे मुद्दाम नाव दिलेलं नाही. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांत जे घडत गेलं ते एका गावात बांधून हे प्रकरण मांडलं आहे, आणि हिशेब नीट समजावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत.

या गावांची करमणूक शेतीच्या वेळापत्रकावर चाले. शनिवारी संध्याकाळी शेतकरी कुटुंबं अंडी आणि साय घेऊन गावात येत, ती घालून किराणा नेत. दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असत आणि चौकातल्या बँडस्टँडवर गावचा बँड वाजे. थंडीत शाळेत ‘बॉक्स सोशल’ होई: बायका-मुली खाण्याचे सजवलेले डबे आणत, त्यांचा लिलाव होई आणि जो डबा घेईल त्याने तो आणणारीबरोबर बसून जेवायचं. चर्चमध्ये ऑयस्टरच्या रश्शाचं जेवण, ‘लिटररी सोसायटी’त वादविवाद आणि स्पेलिंगच्या चढाओढी. उन्हाळ्यात चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) आणि काउंटीची जत्रा. मेथडिस्ट चर्चच्या नियमावलीत १८७२ पासून नाच, पत्ते आणि नाटकं पाहणं निषिद्ध होतं. त्यामुळे गावातल्या मोठ्या गटाला करमणूक हवी असली तरी ती ज्ञानाच्या अंगाने यावी लागे.

ही गरज शटॉक्वाने भागवली. मूळ शटॉक्वा म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला त्याच नावाच्या तळ्याकाठी १८७४ मध्ये जॉन व्हिन्सेंट आणि लुईस मिलर यांनी भरवलेलं रविवार-शाळांच्या शिक्षकांचं शिबिर. (पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये.) १९०४ मध्ये आयोवातल्याच सीडर रॅपिड्सच्या कीथ व्हॉटर यांनी ते चाकांवर चढवलं. मोठा तंबू, सात दिवस, रोज दुपारी आणि रात्री कार्यक्रम: भाषण, गायनचमू, घंटावादन, खडूने चित्रं काढत केलेलं व्याख्यान, नकला. सर्कशीचे तंबू पांढरे, म्हणून शटॉक्वाचा तंबू तपकिरी ठेवलेला. लांबूनच कळावं की हे वेगळं आहे.

या व्यवस्थेचं यंत्र समजून घेतल्याशिवाय पुढचा पेच कळणार नाही. पहिल्या दिवसाचा वक्ता पूर्ण उन्हाळाभर प्रत्येक गावात पहिल्याच दिवशी बोले. रात्री गाडी पकडून तो पुढच्या गावी जाई आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवसाचा संच येई. सात दिवसांच्या फेरीत सात गावांत सात तंबू एकाच वेळी उभे असत आणि वर एकदोन तंबू पुढच्या गावाच्या वाटेवर असत. त्यामुळे कलावंतांचा एकही दिवस रिकामा जात नसे, म्हणून खर्च परवडे. पण त्यामुळेच कुठल्याही एका गावाला ‘आम्हाला आठवडाभर पुढे ढकला’ असं सांगायची सोय नव्हती. तारीख रेल्वेच्या मार्गावर ठरे.

तंबू, मंचावरची माणसं आणि प्रसिद्धीचे कागद कंपनीचे. जागा, वीज, मंच आणि बाकांसाठी फळ्या, पियानो, सामानाची ने-आण आणि पिण्याचं बर्फाचं पाणी गावाचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ठराविक रकमेच्या सीझन तिकिटांची (सगळ्या दिवसांच्या एकत्र तिकिटांची) हमी गावाची: तेवढी खपली नाहीत तर फरक गावाने भरायचा.

अडचण

१९२० च्या जुलैत कार्यक्रम चांगला गेला होता. सहाव्या रात्री, मुलांचा कार्यक्रम रंगात आलेला असताना, कंपनीच्या सुपरिंटेंडंटने पुढच्या वर्षाचा छापील करार कमिटीपुढे ठेवला. हे दरवर्षी असंच होई, कारण लोकांचा उत्साह सर्वांत जास्त असतो ती हीच वेळ. मक्याचा भाव बुशेलला (सुमारे पंचवीस किलोला) दीड डॉलरच्या घरात होता. चौतीस जणांनी उभ्या-उभ्या सह्या केल्या: दुकानदार, दोन्ही बँकांचे कॅशियर, डॉक्टर, वखारवाला, तीन पाद्री आणि मोजून पाच शेतकरी.

करारात चार गोष्टी होत्या. हमी १,८०० डॉलरची. मोठ्यांचं सीझन तिकीट अडीच डॉलर, मुलांचं सव्वा. सुट्या तिकिटांचा गल्ला कंपनीचा. आणि हमीदारांपैकी प्रत्येकजण पूर्ण रकमेला जबाबदार. म्हणजे तेहतीस जण फिरले तर चौतिसाव्याकडून सगळे पैसे वसूल करता येतील. त्या रात्री हे शेवटचं कलम मोठ्याने कुणी वाचलं नाही.

१९२१ चा उन्हाळा आला तोवर मक्याचा भाव पन्नास सेंटच्या आसपास उतरला होता. त्यातच तारखा आल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या. मक्याची शेवटची कोळपणी चार जुलैच्या सुमाराला संपे, त्यानंतर ओट कापायला येईपर्यंत थोडी उसंत मिळे, आणि जुलैच्या अखेरीला ओटची मळणी जोरात असे. मळणी एकट्याची नसे. एक यंत्र आठदहा शेतांवर फिरे आणि सगळे सावडीने एकमेकांकडे राबत. ज्याची पाळी असे त्याच्या घरी पंधरा-वीस माणसांचं दुपारचं जेवण असे, म्हणजे घरातल्या बायकाही मोकळ्या नसत. दुपारच्या कार्यक्रमाला निम्मी बाकं रिकामी राहिली.

चौथ्या रात्री वादळ झालं. त्या काळचे तंबूचे दोर ओले झाले की आखडत. सैल केले नाहीत तर चिखलातल्या मेखा उपसून निघत. म्हणून तंबूवरचा कॉलेजचा मुलगा पावसात एकेक दोर सैल करत तंबूभोवती फिरत राही, आणि दुसरा आतून लांब काठीने कापडात साठलेल्या पाण्याचे फुगे वर ढकले. तंबू वाचला. पण आठवड्यातलं सर्वांत मोठं भाषण त्या रात्री होतं, आणि रस्त्यांचा चिखल झाल्यावर आठ मैलांवरून कोण येणार?

हिशेब असा निघाला. मोठ्यांची ४१० तिकिटं, म्हणजे १,०२५ डॉलर. मुलांची १८०, म्हणजे २२५. एकूण १,२५०. हमीला ५५० कमी. फळ्या, वीज, पियानो, वाहतूक यांचे ९० वेगळे. तूट ६४० डॉलर. चौतिसांपैकी सहा जणांनी पैसे दिले नाहीत: दोघांकडे खरोखर नव्हते, एक गाव सोडून गेला होता, आणि तिघांचं म्हणणं होतं की आपण ‘येऊ’ म्हणून सही केली, ‘भरू’ म्हणून नाही. उरलेल्या अठ्ठावीस जणांवर प्रत्येकी सुमारे २३ डॉलर आले. त्या भावाने ते ४६ बुशेल मक्याचे पैसे होते, एका एकराच्या पिकापेक्षा जास्त.

सुट्या तिकिटांच्या कलमाने तूट कशी वाढवली हे कमिटीला नंतर उमगलं. नवरा-बायको दोनच रात्री आले, एक पन्नास सेंटची आणि एक पंचाहत्तरची, तर दोघांचे मिळून अडीच डॉलर. सीझन घेतलं तर पाच. भाव पडलेल्या वर्षी लोक अडीचच खर्चणार. पण ते अडीच कंपनीच्या गल्ल्यात गेले आणि हमीतून एक सेंटही वजा झाला नाही. तंबू भरलेला दिसत होता आणि हमीदार बुडत होते.

गावात सगळ्यांनी दोष मक्याच्या भावाला दिला. भाव हे कारण होतंच. पण तिकिटांच्या यादीकडे नीट पाहिलं तर आणखी एक भगदाड दिसत होतं. गावाच्या उत्तरेला जर्मन ल्यूथरन शेतकऱ्यांची दाट वस्ती होती, आणि तिथून जेमतेम वीस तिकिटं गेली होती. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढून शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, चर्चमध्ये आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला मनाई केली होती. शटॉक्वाचा मंच पहिल्या महायुद्धाच्या काळात देशभक्तीपर भाषणांनी भरलेला होता, आणि ती भाषणं जर्मनांबद्दल काय बोलत हे या शेतकऱ्यांनी ऐकलेलं होतं. युद्ध संपून तीन वर्षं झाली तरी कमिटीतलं कुणी त्यांच्या दारी गेलं नव्हतं. माझ्या मते प्रकरणाचं खरं मूळ इथे आहे: हमी थोड्या खांद्यांवर होती, कारण कार्यक्रमच थोड्यांचा होता.

समोर असलेले पर्याय

१९२१ च्या सहाव्या रात्री नवा करार पुढे आला तेव्हा कमिटीने सही केली नाही, दहा दिवस मागून घेतले. सुपरिंटेंडंटने सांगितलं की नऊ मैलांवरचं गाव तुमची जागा घ्यायला तयार आहे. हा दबाव होता, आणि खोटाही नव्हता. फेरीत भोक ठेवणं कंपनीला परवडत नव्हतं. तरी ते दहा दिवस घेणं हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय.

त्या दहा दिवसांत पाच वाटा तपासल्या गेल्या.

आहे तोच करार पुन्हा करायचा, ही पहिली. वखारवाला सोडला तर कुणी तयार नव्हतं.

शटॉक्वा बंद करायचा, ही दुसरी. दुकानदारांतला एक गट याच्या बाजूने होता, कारण दुपारच्या कार्यक्रमाच्या वेळी दुकानं बंद ठेवायचा संकेत होता. विरोध आयांचा होता. सकाळचा मुलांचा शटॉक्वा चालवायला कंपनी एक तरुण मुलगी पाठवी. ती मुलांना गोष्टी सांगे, खेळ घेई आणि आठवड्याच्या शेवटी त्यांच्याकडून एक छोटं नाटक बसवून घेई. गावातल्या मुलांसाठी उन्हाळ्यात दुसरं काहीच नव्हतं.

तिसरी वाट, स्वतःचा कार्यक्रम भरवायचा: तंबू भाड्याने आणायचा आणि वक्ते लेक्चर ब्युरोकडून (वक्ते पुरवणाऱ्या कंपनीकडून) एकेक करून बोलवायचे. कागदावर हे आकर्षक होतं. पण सलग फेरी नसेल तर प्रत्येक कलावंताचं जाण्या-येण्याचं भाडं आणि रिकामा दिवस एकाच गावाच्या अंगावर पडतो. बँकेच्या कॅशियरने तीन संचांचे दर मागवले आणि बेरीज पाहून विषय तिथेच संपला. ब्युरोचे करार वक्त्यांनाही सोपे नसत. स्वामी विवेकानंदांनी १८९३ च्या नोव्हेंबरात मॅडिसन, मिनिआपोलिस आणि डेमॉइन इथे व्याख्यानं दिली ती याच मध्य-पश्चिमेत; पुढे शिकागोच्या एका ब्युरोच्या करारातून १८९४ मध्ये ते स्वतः नुकसान सोसून बाहेर पडले.

चौथी, पाच दिवसांची स्वस्त फेरी. छोट्या कंपन्या अशा फेऱ्या लावत. हमी हजार डॉलर, तिकीट दोन आणि एक डॉलर. मोठी नावं नाहीत.

पाचवी वाट नवी होती. क्लॅरिंडाचे बँडमास्टर जॉर्ज लँडर्स यांच्या खटपटीतून आयोवाने १९२१ मध्येच बँडचा कायदा केला होता. दहा टक्के मतदारांनी अर्ज दिला आणि बहुमताने मंजुरी मिळाली तर गावाला बँडसाठी दोन मिलपर्यंत कर बसवता येत होता. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. तीन लाख डॉलरच्या करपात्र मालमत्तेवर दोन मिल म्हणजे वर्षाला ६०० डॉलर. पण भाव पडलेल्या वर्षी नवा कर मागायला कमिटी धजावली नाही.

काय केलं

चौथी वाट घेतली. पण सही करायच्या आधी तीन कामं केली, आणि सगळा फरक त्यांनी पडला.

पहिलं काम कबुलीच्या कार्डांचं. छापील करारातलं ‘प्रत्येकजण पूर्ण रकमेला जबाबदार’ हे कलम कंपनी बदलणार नव्हती. मग कमिटीने कराराच्या मागे स्वतःचा दुसरा कागद उभा केला. कार्डावर एवढाच मजकूर: तूट आल्यास माझ्या वाट्याचे, पण जास्तीत जास्त दहा डॉलर, मी भरीन. खाली सही आणि तारीख. कार्डं बँकेत ठेवायची आणि शंभर जमल्याशिवाय करारावर सही करायची नाही. १०४ जमली. म्हणजे १,०४० डॉलर. एकही तिकीट गेलं नसतं तरी हमी भरून निघाली असती. स्थानिक खर्च मात्र यात धरलेला नव्हता, ही चूक नंतर लक्षात आली.

दुसरं काम तारखेचं. या वेळी कमिटीने आधी तारीख विचारली आणि मग कंपनी निवडली. दोन कंपन्यांच्या फेऱ्या त्या भागातून जात होत्या. ज्या कंपनीची फेरी चार जुलैनंतर लगेच पोचत होती ती घेतली. तिचे कलावंत दुसरीपेक्षा सामान्य होते. मळणीच्या आधीचा सामान्य कार्यक्रम मळणीतल्या उत्तम कार्यक्रमापेक्षा बरा, असा हिशेब मांडला गेला आणि तो बरोबर ठरला.

तिसरं काम माणसांचं. कमिटीत ल्यूथरन चर्चमधले दोन शेतकरी घेतले. ते लगेच तयार झाले नाहीत. कॅशियर आणि मेथडिस्ट पाद्री दोनदा त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या खेपेला यजमानाने एकच गोष्ट मागितली: वक्त्यांची यादी आधी दाखवा. यादीत युद्धावरचं एक भाषण होतं. कंपनीने ते बदलून दुधाच्या धंद्यावरचं दिलं. छोट्या कंपनीशी बोलता येतं, त्याचा हा फायदा.

तिकीटविक्री चर्चच्या महिला मंडळांनी वाटून घेतली, एकेका रस्त्याची. शेतांवरच्या लोकांसाठी टेलिफोनची ‘जनरल रिंग’ वापरली. त्या काळी एका तारेवर आठदहा घरं असत, प्रत्येक घराची घंटी वेगळी. एक लांबलचक घंटी वाजली की सगळ्यांनी उचलायचं. एरवी ती आग लागली किंवा हवामानाचा इशारा असला तर वाजे. कार्यक्रमाच्या आदल्या दोन संध्याकाळी टेलिफोन चालवणाऱ्या बाईंनी तिच्यावर पूर्ण कार्यक्रम वाचून दाखवला.

फळ्यांचं भांडणही मिटवलं. आदल्या वर्षी बाकांसाठी दिलेल्या फळ्या खिळ्यांनी भोकं पडून परत आल्या आणि वखारवाल्याने त्यांचे पैसे लावले. या वेळी फळ्या नुसत्या ठोकळ्यांवर ठेवल्या आणि टोकाला दोरीने बांधल्या. खिळे फक्त मंचाला. शिवाय महिला मंडळांनी तंबूबाहेर आइस्क्रीमचं दुकान लावलं. हिवाळ्यात तळ्यातून कापून भुशात ठेवलेला बर्फ गावात होताच. हाताने फिरवायच्या पिंपात तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ. मीठ कमी पडलं तर आइस्क्रीम धरत नाही, आणि जास्त झालं तर कडेला चटकन घट्ट होऊन दाणेदार होतं. हे उत्पन्न या वर्षीपासून चर्चऐवजी कार्यक्रमाच्या खर्चात जमा करायचं ठरलं.

परिणाम

१९२२ मध्ये मोठ्यांची ३९५ आणि मुलांची १५० तिकिटं गेली: ९४० डॉलर. हमीला ६० कमी, स्थानिक खर्च ७०, आइस्क्रीमचे ४८ जमा. तूट ८२ डॉलर, म्हणजे १०४ कार्डांवर प्रत्येकी ऐंशी सेंटही नाहीत. सगळ्यांनी आठवड्याभरात भरले. तिकिटांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा कमी होती, हे विसरू नये. उत्पन्न वाढलं नव्हतं. हमी गावाच्या ताकदीएवढी केली होती आणि ओझं तिपटीने जास्त लोकांत वाटलं होतं. उत्तरेकडच्या वस्तीतून मात्र सत्तरावर तिकिटं गेली.

१९२३ आणि १९२४ अशीच गेली. १९२४ हे मूळ शटॉक्वाचं पन्नासावं वर्ष आणि फिरत्या शटॉक्वाच्याही भरतीचं वर्ष. त्यानंतर ओहोटी झपाट्याने आली. तीनशे डॉलरच्या आत मिळणारी फोर्ड गाडी दारात होती. तिने काउंटीच्या गावी जाऊन सिनेमा पाहता येत होता, आणि डॅव्हनपोर्टचं रेडिओ केंद्र घरात ऐकू येत होतं. १९२५ मध्ये मोठ्यांची २६० आणि मुलांची ११० तिकिटं गेली. तोवर कार्डं शंभरापर्यंत उतरली होती. प्रत्येकी चार डॉलर भरावे लागले. कुणी कुरकुर केली नाही, पण पुढच्या वर्षाची कार्डं तीस झाली. कमिटीने स्वतःच्याच नियमाप्रमाणे करारावर सही केली नाही. शटॉक्वा भांडण न होता, कुणी कर्जात न जाता बंद झाला. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत तर या फिरत्या कंपन्याच जवळजवळ संपल्या.

१९२६ मध्ये बँडच्या कराला मत मिळालं. अर्ज घेऊन फिरणारे तेच लोक होते ज्यांनी कार्डं गोळा केली होती; कुठल्या घरी कोण बोलेल हे त्यांना ठाऊक झालं होतं. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री फुकट बँड सुरू झाला.

काय वेगळं करता आलं असतं

१९२० ची सही दिवसा, बँकेत बसून, करार मोठ्याने वाचून व्हायला हवी होती. सुट्या तिकिटांचा निम्मा गल्ला हमीत धरा, ही मागणी मोठ्या कंपनीने बहुधा नाकारली असती. पण नकार ऐकून निदान हमीचा आकडा तरी खाली आणता आला असता.

कार्डाची पद्धत पडत्या काळात उत्तम चालली, तरी तिच्यात एक दोष राहिला. स्थानिक खर्च तिच्याबाहेर होता आणि १९२५ पर्यंत तसाच राहिला. कार्ड बारा डॉलरचं केलं असतं तर तो झाकला गेला असता.

राहण्याच्या सोयीचा विचार कमिटीने शेवटपर्यंत नीट केला नाही. कृष्णवर्णीय जुबिली गायकांच्या चमूंना या गावांतून भरभरून टाळ्या मिळत, आणि अनेक ठिकाणी हॉटेलात खोली मिळत नसे. इथेही १९२३ मध्ये रात्री दहा वाजता मेथडिस्ट पाद्र्याच्या घरी गाद्या घालाव्या लागल्या. संच महिनाभर आधी कळलेला असे. खोल्या महिनाभर आधी ठरवणं हे फळ्या ठरवण्याइतकंच कमिटीचं काम होतं.

सर्वांत मोठी चूक १९२६ ची. बँड आल्याने शनिवारची गर्दी आणि दुकानांचा धंदा टिकला, पण आयांनी १९२१ मध्ये ज्याच्यासाठी शटॉक्वा वाचवला होता तो मुलांचा सकाळचा कार्यक्रम गेला. त्याला तंबू लागत नव्हता की कंपनीही. शाळेचं मैदान, दहा दिवस आणि एका तरुण शिक्षिकेचा पगार पुरला असता. तीस कार्डं तेव्हा हातात होती, म्हणजे तीनशे डॉलरपर्यंतची कबुली. ती कार्डं देणाऱ्यांना परत केली गेली.